फुकटाची वाट की हक्काचा रस्ता?

महाराष्ट्रातील गणेश नावाच्या एका शेतकऱ्याची कथा डिसेंबर 2015 मध्ये एका इंग्रजी दैनिकातून साऱ्या देशाला सांगण्यात आली. सांगणारे होते फेसबुक कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग. हा शेतकरी 'फ्री बेसिक्स' नावाच्या फुकट सेवेवर हवामान व बाजारभाव पाहतो आणि त्यामुळे त्याचा व्यवहार सुधारला, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास वृत्तपत्रांत मोठमोठ्या जाहिराती झळकल्या व त्यांत 'डिजिटल समता' हा शब्द होता. समता हा शब्द ज्या समाजाने अपमान गिळून आणि लढून कमावला, त्याने तो एखाद्या कंपनीच्या जाहिरातीत वाचला म्हणजे विचारले पाहिजे, ही समता कोणाकोणात? आणि तिच्या दाराची किल्ली कोणाच्या कमरेला?

ही सेवा रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या जाळ्यावरून फेब्रुवारी 2015 मध्ये प्रथम सहा राज्यांत सुरू झाली व त्यांत महाराष्ट्र होता. तिचे मूळ नाव 'इंटरनेट डॉट ऑर्ग'. कंपनीच्या अटी मान्य करून तीत आलेली संकेतस्थळे फुकट; बाकीचे सारे जग पैसे मोजून. वांगणीच्या वाचकाला हे लोकलच्या भाषेत सांगतो. समजा, रेल्वेने गरिबांस फुकट पास दिला. पण त्यावर उतरता येईल फक्त बदलापूर आणि अंबरनाथ येथे, कारण तेथील दुकानदारांशी रेल्वेचा करार झालेला आहे. कल्याणच्या न्यायालयात तारीख असेल तर वेगळे तिकीट काढा! असा पास घेणाऱ्याला प्रवास फुकट मिळतो हे खरे, परंतु जायचे कोठे हे आता तो ठरवीत नाही. रेल्वेत पहिला वर्ग आहे, दुसरा वर्ग आहे, हे मी विसरलेलो नाही. तथापि तुम्ही कोणाकडे व कशासाठी निघालात, हे पाहून ती भाडे आकारीत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 70 मालवाहतुकीतही कोणा एकाला गैरवाजवी झुकते माप देण्यास मनाई करते. वाहून नेणाऱ्याने वाहून न्यावे, निवड करू नये, हे तत्त्व जुने आहे. इंटरनेटची तटस्थता म्हणजे हेच तत्त्व तारांना व लहरींना लावणे होय.

या लहरी तरी कोणाच्या? 1995 साली क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. दूरसंचार कंपन्या त्या वापरतात त्या परवान्याने, मालकीने नव्हे. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आहे. ते कलम येथे जसेच्या तसे लागू पडते असे मी म्हणत नाही. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून होणाऱ्या भेदाला ते बंदी करते, आणि कायद्याचा अर्थ ताणू नये. पण सर्वांच्या रस्त्यावर कोणी चालावे हे एकाने ठरवू नये, ही त्यामागील जाणीव आम्हांला कोणी शिकवायला नको. 1920 साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. छापखान्याच्या त्या युगात दाराशी बसलेला संपादक होता. आजच्या युगात त्याच जागी दूरसंचार कंपनीला बसवावे काय?

मार्च 2015 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 118 पानांचा इंग्रजी मसुदा काढून वीस प्रश्न विचारले. काही तरुण मंडळींनी त्याचा सोपा अर्थ लावून लोकांपुढे ठेवला, विनोदी चित्रफिती निघाल्या, आणि दहा लाखांच्या आसपास पत्रे ट्रायकडे गेली. एअरटेलच्या अशाच 'झीरो' योजनेतून फ्लिपकार्ट कंपनीने 14 एप्रिल 2015 रोजी अंग काढून घेतले. पुढे डिसेंबरमध्ये भिन्न दरांबाबत दुसरा मसुदा निघाला, तेव्हा सुमारे 24 लाख पत्रे आली. त्यांतील बहुसंख्य पत्रे फ्री बेसिक्सच्या बाजूची व एकाच साच्यातील होती. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ट्रायनेच फेसबुकला सुनावले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी विनियम आला. आशय पाहून डेटाचा दर वेगळा ठेवण्यास मनाई झाली. भंग केल्यास दिवसाला 50 हजार व जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. फ्री बेसिक्स भारतातून गेले.

हा विजय मोलाचा आहे. पण त्यात एक सल आहे व ती बोललीच पाहिजे. दोन्ही बाजू गरिबाच्या नावाने बोलत होत्या. गरीब मात्र उदाहरणापुरता होता. पत्रे लिहिली ती इंग्रजी वाचणाऱ्यांनी. आमच्या वस्त्यांतून किती पत्रे गेली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वांगणीत दृष्टिहीन बांधवांची मोठी वस्ती आहे. त्यांतील कित्येक जण लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. त्यांचा मोबाईल त्यांना मजकूर वाचून दाखवतो; ध्वनी हेच त्यांचे पुस्तक. फ्री बेसिक्सच्या अटींत तर चित्रफितींना आणि इंटरनेटवरील ध्वनिसंभाषणाला जागाच नव्हती! 17 एप्रिल 2021 रोजी वांगणी स्थानकावर दृष्टिहीन मातेचे मूल रुळांवर पडले आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवले. ती चित्रफीत काही तासांत देशभर पोहोचली, कारण ती पुढे पाठवायला कोणत्याही कंपनीची यादी आडवी आली नाही.

'काहीच नसण्यापेक्षा थोडे बरे नव्हे काय?' असा प्रश्न करणारे आमच्यातही आहेत. त्यांचा हेतू मी वाईट मानीत नाही. रिकाम्या खिशाला तत्त्व महाग पडते. परंतु थोडे द्यायचे तर ते खुले देता येते. डिसेंबर 2016 मध्ये ट्रायनेच शिफारस केली की, ग्रामीण ग्राहकांना महिन्याला 100 एमबी डेटा फुकट द्यावा, आणि तो कोठे वापरावा हे ग्राहकाने ठरवावे. शिवाय सप्टेंबर 2016 मध्ये जिओ बाजारात उतरल्यावर डेटाचे भाव कोसळले ते स्पर्धेमुळे; त्यासाठी कोणाला इंटरनेटचे तुकडे करावे लागले नाहीत.

जुलै 2018 मध्ये सरकारने तटस्थतेचे तत्त्व मान्य केले व ते परवान्याच्या अटींत गेले. म्हणून स्वस्थ बसावे, तर अमेरिकेकडे पाहा. तेथे 2015 साली असा नियम झाला, 2017 साली रद्द झाला, 2024 साली परत आला आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने तो पुन्हा मोडला. आपल्याकडेही 2023 साली ट्रायने संदेश व संभाषणाच्या सेवांवरील नियंत्रणाचा आणि त्यांतील निवडक सेवा बंद करण्याचा प्रश्न चर्चेला घेतला होता. आणि ज्यांच्या सेवांमुळे वाहतूक फार वाढते त्यांनी जाळ्याचे शुल्क द्यावे, अशी मागणी दूरसंचार कंपन्या करीत आहेत. मोठ्या कंपन्या ते देतील व आमच्याकडून वसूल करतील. एखादे छोटे मराठी संकेतस्थळ मोठे होऊ लागले, तर ते कोठून देईल?

विनियम हा प्राधिकरणाचा. तो करणारे हात तो बदलूही शकतात. परवान्याची अट सरकारच्या हातातली. संसदेने केलेल्या कायद्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत लिहिले जावे, ही मागणी आपापल्या खासदारांकडे लेखी गेली पाहिजे. ट्रायचा पुढचा मसुदा निघेल तेव्हा पत्र मराठीत लिहावे. त्यात नाव, गाव, धंदा आणि आपण इंटरनेटवर काय करतो एवढे सांगावे: शिष्यवृत्तीचा अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, खटल्याची तारीख, मुलीचा अभ्यास. छापील साच्यावर नुसती सही करून पाठवू नये.