बाप्तिस्मा झाला, बेडी तुटली नाही

धर्म बदलल्याने माणसाचा दर्जा बदलतो काय, हा प्रश्न दीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबाला केव्हा ना केव्हा ऐकावा लागतो. शेजारी विचारतात, नातलग विचारतात, एखाद्या वेळी आपले मनही विचारते. या प्रश्नाचे उत्तर भावनेने देऊ नये, पुराव्याने द्यावे. आणि असा पुरावा ज्या देशाने आपल्या कायद्याच्या पुस्तकातच लिहून ठेवला आहे, तो देश म्हणजे अमेरिका.

सतराव्या शतकात व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसास गुलाम करू नये, अशी समजूत त्या काळी इंग्रज लोकांत होती. तेव्हा आफ्रिकी गुलामाने बाप्तिस्मा घेतला तर तो मुक्त झाला की नाही, हा केवळ धर्माचा नव्हे, तर मालमत्तेचाही प्रश्न होता. एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने तो न्यायासनापुढे नेला. तिची आई आफ्रिकी गुलाम, बाप इंग्रज. अपत्यास बापाचा दर्जा मिळतो हा इंग्रजी कायदा, आपला झालेला बाप्तिस्मा आणि ठरल्या मुदतीहून अधिक काळ करून घेतलेली चाकरी, हे तिचे मुद्दे होते. १६५६ साली ती मुक्त झाली.

एक स्त्री जिंकली. परंतु मळेवाल्यांच्या विधिमंडळाने ती वाटच बुजवून टाकली. १६६२ साली कायदा झाला की, अपत्याचा दर्जा आईवरून ठरेल. १६६७ साली दुसरा कायदा झाला की, बाप्तिस्म्यामुळे गुलामाच्या बंधनात काहीही फरक पडणार नाही. या दुसऱ्या कायद्यात दिलेला हेतू मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मालकांच्या मनातील ही शंका फिटली म्हणजे ते आपल्या गुलामांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार अधिक आस्थेने करतील, असा तो हेतू! आत्म्याला स्वर्गाचे दार उघडे आणि देहाला मळ्याचे दार बंद, अशी ही वाटणी होती.

त्या धर्मात न्यायी माणसे नव्हती, असे माझे म्हणणे नाही. जर्मनटाउन येथील काही क्वेकरांनी १६८८ सालीच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला होता. पण गुलाम बाळगणाऱ्यास आपल्यात ठेवायचे नाही, असे ठरविण्यास फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेला १७७६ साल उजाडावे लागले. मेथॉडिस्टांनी १७८४ साली बाल्टिमोरच्या सभेत गुलाम मुक्त करण्याचा नियम केला आणि पुढच्याच वर्षी तो स्थगित केला. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ साली २७२ गुलाम विकले. त्या पैशांतून त्यांच्या जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज काही अंशी फिटले. एका बिशपाच्या घरी गुलाम होते, त्या वादावरून १८४४ साली मेथॉडिस्ट पंथ दुभंगला. १८४५ साली दक्षिणेकडील बाप्टिस्टांनी गुलामगिरीच्याच प्रश्नावर वेगळी संस्था काढली. तिने त्याबद्दल क्षमा मागितली ती १९९५ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी. ग्रंथ तोच, प्रार्थना तीच. माणसे मात्र आपापल्या मळ्याच्या हिशेबाने वागली.

आता रिचर्ड ॲलन यांची हकीकत ऐका. ते १७६० साली गुलाम म्हणून जन्मले. मेथॉडिस्ट उपदेशाने त्यांच्या मालकाचे मन बदलले आणि ॲलन यांना स्वतःचे मोल भरून मुक्त होता आले. धर्माने त्यांना हे दिले, ते नाकारता येत नाही. पुढे ते फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये उपदेश करू लागले. त्या चर्चच्या वाढीव बांधकामाला कृष्णवर्णीय सभासदांनीही पैसे दिले होते. तरीही एका रविवारी प्रार्थना चालू असताना अ‍ॅब्सलॉम जोन्स यांना गुडघ्यांवरून ओढून उठविण्यात आले; कारण ते गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी बसले होते. ॲलन यांनी या घटनेचे साल १७८७ दिले आहे. काही इतिहासकार ती १७९२ च्या सुमाराची मानतात. प्रार्थना संपली आणि सारे कृष्णवर्णीय सभासद एकत्र उठून बाहेर पडले. १७९४ साली त्यांचे स्वतःचे बेथेल चर्च उभे राहिले.

गोष्ट येथे संपत नाही. वकील म्हणून मला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १७९६ साली बेथेलच्या संस्थापत्राचा मसुदा गोऱ्या मेथॉडिस्टांनी केला, आणि त्यातील कलमांनी मालमत्तेवर त्यांच्याच वरिष्ठ सभेचा ताबा ठेवला. आपण काय लिहून दिले, हे ॲलनमंडळींना मागाहून उमगले. १८०७ साली त्यांनी दुरुस्ती करून हक्क सभासदांकडे आणला. तंटा चालूच राहिला. १८१५ साली इमारत लिलावात निघाली, तेव्हा ॲलन यांना दहा हजार डॉलरहून अधिक बोली देऊन आपलेच मंदिर पुन्हा विकत घ्यावे लागले. अखेर १८१६ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. अपमानाच्या जागेतून उठून येण्यास धैर्य पुरले. उठल्यावर उभे राहण्यास दस्तऐवज लागला.

स्वतःच्या घरातही दोष शिरतात, हे येथे सांगितले पाहिजे. जरीना ली या स्त्रीने उपदेश करण्याची परवानगी मागितली, तेव्हा याच ॲलन यांनी आधी नकार दिला. अनुमती मिळण्यास कित्येक वर्षे गेली. ज्यांना मागच्या बाकावर बसविले गेले, त्यांनीही आपल्या बायकांना मागेच बसविले.

असे स्वतःचे घर असले की काय होते, हे पुढे जगाने पाहिले. मॉन्टगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये बसगाड्यांवर बहिष्कार सुरू झाला. त्याच्या सभा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये भरल्या आणि वर्गणीही तेथेच जमली. परंतु बसमधील वर्णभेद कायद्याने संपला तो खटल्याने. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. त्याच्या एकच महिना आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात आपली दीक्षा झाली होती. त्या घरांना किंमतही मोजावी लागली. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मरण पावल्या. १७ जून २०१५ रोजी चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकत होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डू बॉइस यांना पत्र लिहून, त्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. दोन्ही समाजांच्या स्थितीत किती साम्य आहे, हे त्यांनी त्या पत्रात नमूद केले होते. आपल्या नेत्याने हा इतिहास अभ्यासिला होता. आपणही तो अभ्यासावा.

तेव्हा बंधूंनो आणि भगिनींनो, प्रथम विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काय? नुसत्या विधीने दर्जा बदलत नाही. १६६७ चा कायदा त्याचा साक्षीदार आहे. परंतु ज्या धर्मात आपण स्वतःच्या पायांनी गेलो, जेथील बैठक सर्वांना सारखी आहे, जेथील हिशेब सर्वांना पाहता येतो आणि जेथे आपली मुलगी उभी राहून बोलू शकते, तेथे दर्जा बदलू लागतो. म्हणून कोणत्याही धर्माची परीक्षा, आपल्या धम्माचीसुद्धा, केवळ ग्रंथ वाचून करू नका. विहारात जा; पुढे कोण बसते ते पाहा, स्त्रियांना बोलू देतात की नाही ते पाहा, आणि जागेचा कागद कोणाच्या नावावर आहे, तेही एकदा विचारून घ्या.