जुनी बंदूक : दस्ता बदला, नळीशी खेळू नका

शेतकरी बंधूंनो, भात पोटरीला आले की रानडुकरे शेतात उतरतात आणि माळ्यावरची बंदूक खाली येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या पुष्कळ बंदुका वाडवडिलांच्या वेळच्या आहेत. दस्ता तारेने बांधलेला, घोडा सैल, नळीला गंज. मग प्रश्न पडतो : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

आमचे म्हणणे सरळ आहे. हा निकाल नळीवर ठरवा, आजोबांच्या आठवणीवर किंवा खिशावर नको.

पाहण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत गज आत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज नळीला बाहेरून लावून पाहा. मागच्या टोकापर्यंत पोचत नसेल तर आत जुना बार अडकलेला असू शकतो. तो स्वतः काढू नका, कारागिराला तसे आधीच सांगा.

दस्ता फुटला, स्प्रिंग ढिली झाली, चाप अडकतो, एवढेच असेल तर खुशाल दुरुस्त करा. काडतुसाच्या बंदुकीचा सैल सांधाही, नळी चांगली असेल तर, जाणकार कारागीर घट्ट करू शकतो. पण नळीला चीर असेल, ती कुठे फुगली असेल, किंवा आत गंजाचे खोल खड्डे पडले असतील, तर पैसे घालू नका. खड्डे घासून काढले की नळी आणखी पातळ होते. बार उडतो तेव्हा तिच्यापासून तुमचा चेहरा वीतभरच लांब असतो.

आणखी एक गोष्ट. फार जुन्या बारा बोअरच्या कित्येक नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या आहेत. आजच्या काडतुसाचा जोर त्यांना झेपेलच असे नाही. काहींचे घर अडीच इंची काडतुसाचे असते. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसते खरे, पण उडताना उलगडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. हे मोजून घेतल्याशिवाय बार काढू नका.

गावच्या लोहाराकडे तर मुळीच जाऊ नका. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. परवानाधारकाने स्वतः जावे, नाहीतर नेणाऱ्याजवळ लेखी अधिकारपत्र द्यावे. नवी घ्यायची तर जुनी रीतसर परवान्यावरून कमी करून घ्या. पोलीस पाटलांना विनंती अशी, की परवानाधारक मयत झाला असेल तर वारसांना वेळीच जागे करा. बापाच्या परवान्यावर मुलाने बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरतो.

शेवटी हिशेबाचे. नवी बंदूक आली म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असे नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी लागते. तेव्हा कुंपण आणि राखण यांचा खर्च आधी मांडा, नुकसान झाल्यास लगेच कळवून पंचनामा करून घ्या. त्यानंतरही बंदूक हवीच असेल तर चांगल्या नळीची ठेवा. पीक पुढच्या साली पुन्हा येईल, गेलेला डोळा येणार नाही.