चुकलं म्हणायला पाच दिवस पुरतात

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतोय? मुंबईसह देशातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते. क्राउडस्ट्राइक कंपनीने एक सदोष फाइल पाठवली, विंडोजच्या कर्नलमध्ये (लष्करातला नव्हे, संगणकाचा गाभा) बसणारा तिचा ड्रायव्हर ती वाचताना कोलमडला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक निळे पडले. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद मशीनपर्यंत ती माघार पोचणार कशी? माणसांनी एकेका संगणकापुढे बसून ती हाताने पुसली.

मला मात्र त्याहून कमी गाजलेली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मार्च २०२१. लिनक्स ५.१२ ची पहिली चाचणी आवृत्ती नुकतीच आली होती. रॅम कमी पडली की संगणक काही माहिती डिस्कवरच्या स्वॅप फाइलमध्ये ठेवतो. तिथला कोड साफसूफ करताना जागेचा हिशेब चुकला आणि माहिती भलत्याच जागी, दुसऱ्या फाइलींवर लिहिली जाऊ लागली. म्हणजे आपलं सामान ठेवायला शेजाऱ्याच्या घरात शिरायचं आणि त्याचं फेकून द्यायचं! ज्यांनी स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन ठेवलं होतं त्यांना धक्का लागला नाही, त्यामुळे चूक लगेच दिसलीही नाही.

लिनस टोरवाल्ड्सने ती दडवली नाही. आवृत्तीच्या नावालाच 'डोन्टयूज', म्हणजे वापरू नका, अशी शेपटी जोडली. सगळ्यांना लिहून कळवलं, यावर पुढचं काम उभारू नका म्हणून बजावलं. नेहमीच्या रविवारची वाट न बघता शुक्रवारी, ५ मार्चला दुरुस्त आवृत्ती काढली. अवघ्या पाच दिवसांत.

आता आपल्याकडे या. मागे एका सरकारी कार्यालयात उतारा काढायला गेलो. वडिलांचं नाव अर्धंच! 'सिस्टीम अपडेट झालीय.' मग जुनी नोंद दाखवा. 'साहेब, मागे जाता येत नाही.' अर्ज करा, प्रतिज्ञापत्र आणा. चूक मशीनची, हेलपाटे माझे. मी पत्रकार, निदान भांडू तरी शकतो. मढच्या कोळीवाड्यातली मासे विकून आलेली मावशी काय करणार?

मागणी साधी आहे. सरकारी सॉफ्टवेअर बदलण्याआधी जुन्या नोंदींची प्रत ठेवा, मागे फिरायची वाट ठेवा आणि बिघडलं तर काय बिघडलं ते कार्यालयाच्या दारावर लावा. दुरुस्तीचा अर्ज नागरिकाकडून का मागता?

माझा अर्ज अजून 'प्रक्रियेत' आहे.