विश्लेषण : सरकारी हेल्पलाइनसाठी 'लिहिता येणारी' कंत्राटी माणसं का हवीत?

'सदर प्रकरणी नियमानुसार कार्यवाही करण्यात आली असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सरकारी पोर्टलवर तक्रार केली असेल, तर या धाटणीचं उत्तर तुमच्या ओळखीचं असेल. काय कार्यवाही झाली, कोणत्या नियमानुसार, आता पुढे काय करायचं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. अशी उत्तरं लिहिण्याचं किंवा त्यांचा मसुदा करण्याचं काम अनेकदा तात्पुरत्या कर्मचाऱ्यांकडे दिलं जातं. त्यांची निवड करताना मात्र लिहिण्याची परीक्षा क्वचितच होते.

तात्पुरती माणसं का लागतात?

संपर्क केंद्रावरचं काम वर्षभर सारखं नसतं. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचंच उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये दरमहा १,५०० रुपयांची ही योजना सुरू झाली आणि २०२५ मध्ये लाभार्थ्यांना ई-केवायसी करणं भाग पडलं. अशा प्रत्येक टप्प्यावर 'अर्ज का अडकला?', 'हप्ता का आला नाही?' अशा प्रश्नांचा पूर येतो. काही महिन्यांच्या गर्दीसाठी कायम पदं भरणं व्यवहार्य नसतं. त्यामुळे बाहेरून माणसं घेतली जातात.

यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आहे. सरकारी विभागांना बाह्य यंत्रणेद्वारे मनुष्यबळ पुरवण्यासाठी ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयात नऊ संस्था नेमल्या होत्या. तीव्र विरोधानंतर तो निर्णय ऑक्टोबरमध्ये मागे घेण्यात आला. आरक्षण, वेतन आणि नोकरीची शाश्वती हे त्या वादातले मुद्दे रास्तच होते. पण नागरिकाला मिळणाऱ्या उत्तराचा दर्जा हाही यातलाच एक प्रश्न आहे.

फोन आणि लेखी उत्तर यात फरक काय?

फोनवर काही कळलं नाही तर लगेच उलट विचारता येतं. लेखी उत्तरात ती सोय नाही. शिवाय ते उत्तर कागदपत्र म्हणून मागे राहतं. केंद्र सरकारच्या 'सीपीग्राम्स' पोर्टलवरची तक्रार साधारण २१ दिवसांत सोडवावी, अशा सूचना ऑगस्ट २०२४ मध्ये देण्यात आल्या. उत्तर पटलं नाही तर तिथे अपील करता येतं. पण नकाराचं कारणच दिलेलं नसेल, तर अपिलात खोडून काढायचं तरी काय?

समजा, हप्ता थांबल्याची तक्रार आहे. त्यावर असं उत्तर देता येईल : 'तुमचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसल्यामुळे हप्ता जमा झाला नाही. बँकेत जाऊन आधार जोडून घ्या. जोडणीनंतर अर्जाची स्थिती पोर्टलवर पुन्हा तपासा.' ही तीन साधी वाक्यं एखाद्याची कचेरीतली फेरी वाचवू शकतात. ज्याची फेरी म्हणजे बुडालेली दिवसाची मजुरी, त्याच्यासाठी हा प्रश्न पैशांचा आहे.

निवड कशी व्हायला हवी?

राज्यात लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा टंकलेखनाचा वेग लागतो. वेग मोजणं सोपं आहे, स्पष्टपणा मोजणं तितकं सोपं नाही. तरी ते अशक्यही नाही. नाव-गाव वगळलेली एखादी खरी तक्रार आणि संबंधित नियम उमेदवाराला द्यावा आणि अर्ध्या तासात उत्तर लिहायला सांगावं. तपासताना तीनच गोष्टी पाहाव्यात : काय ठरलं, का ठरलं आणि नागरिकाने आता काय करायचं. अलंकारिक भाषेला गुण नकोत आणि 'सदरहू', 'उपरोक्त' अशा शब्दांनाही नकोत. अमेरिकेत तर केंद्रीय विभागांनी लोकांना कळेल अशा भाषेत लिहावं, यासाठी २०१० पासून कायदाच आहे.

चांगलं लिहिणारी माणसं मिळाली की झालं?

नाही. ज्याला फाइल पाहता येत नाही, त्याच्या उत्तरात माहिती कुठून येणार? किती तक्रारी 'निकाली' निघाल्या यावरच काम मोजलं, तर लिहिण्यात तरबेज असलेला माणूसही तयार साचाच चिकटवेल. त्यात कंत्राट संपलं की शिकलेला माणूस जातो आणि नवा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

म्हणून मसुदा तात्पुरत्या कर्मचाऱ्याने केला तरी निर्णय कायम अधिकाऱ्याचाच हवा आणि उत्तराखाली त्याचं पदनाम हवं. नेहमीच्या प्रश्नांची तपासलेली उत्तरं केंद्रात जपून ठेवली, तर माणूस बदलला तरी माहिती टिकते.

तुम्ही काय करू शकता?

एका तक्रारीत एकच विषय मांडा. अर्ज क्रमांक आणि तारीख द्या. ओटीपी किंवा पासवर्ड कुठेही लिहू नका. मोघम उत्तर आलं तर अपिलाची सोय वापरा आणि नेमकं विचारा : कोणत्या नियमानुसार, कोणत्या कारणासाठी आणि आता मी काय करायचं?