किराया उशिरा येतो तेव्हा: रामाकोना आणि सावनेर, कायदा एक नाही

रामाकोना, सौसर, लोधीखेडा, बोरगाव या पट्ट्यात घर किरायाने देणारा माणूस काही मोठा शेठ नसतो. घरामागे काढलेल्या दोन खोल्या, रस्त्याकडेचं एखादं दुकान, नोकरीला बाहेर गेलेल्या मुलाचं रिकामं घर, एवढीच बहुतेकांची मिळकत. त्या किरायातून विजेचं बिल, औषधं, सोसायटीचा हप्ता निघतो. समोरचा किरायेदारही तसाच. कुणी बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात ठेकेदाराकडे कामाला, कुणी शाळेत शिक्षक, कुणी संत्र्याच्या हंगामावर अवलंबून. ठेकेदाराने पगार लांबवला की किराया लांबतो आणि घरमालकाचा हप्ताही लांबतो. उशिराचा किराया म्हणजे दोन अडचणीतल्या घरांमधला व्यवहार असतो, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे.

त्यातून होणारी भांडणं मात्र ठरलेल्या वळणाने जातात. पहिला महिना 'देईल ना, ओळखीचा आहे' म्हणून सोडला जातो. दुसऱ्या महिन्यात दोनदा तगादा होतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात आवाज चढतो, मग वीज तोडली जाते नाहीतर दाराला दुसरं कुलूप लागतं. इथेच घरमालक स्वतःची बाजू कमजोर करतो.

कुलूप लावलं तर काय होतं?

किराया थकला म्हणून सामान बाहेर काढणं, कुलूप लावणं किंवा वीज-पाणी बंद करणं हा मार्ग मध्य प्रदेशात चालत नाही आणि महाराष्ट्रातही नाही. दोन्ही राज्यांच्या भाडे कायद्यांत किरायेदाराच्या सोयी तोडायला मनाई आहे. शिवाय १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे, कायदेशीर रस्ता सोडून ज्याला बाहेर काढलं, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घराचा मालक कोण, हा प्रश्नच येत नाही. म्हणजे पाच महिन्यांचं थकलेलं भाडं एका बाजूला राहतं आणि घरमालकच आरोपीसारखा उभा राहतो.

एकेकाळी दोन्हीकडे एकच हुकूम

आज सीमेच्या दोन बाजूंना दोन कायदे असले तरी पूर्वी असं नव्हतं. छिंदवाडा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. तिथे १९४९ चा घरभाडे नियंत्रण हुकूम होता. त्यात तीन महिन्यांची थकबाकी हे जसं कारण होतं, तसंच 'नेहमीच उशिरा भाडं देणारा' हेही वेगळं कारण होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. मध्य प्रदेशाने १९६१ मध्ये स्वतःचा 'स्थान नियंत्रण अधिनियम' केला. विदर्भात मात्र १९४९ चाच हुकूम चालू राहिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला तेव्हाच तो गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा नवा जिल्हा झाला, सौसर तहसील त्यात आली. तरी भाड्याचा कायदा मध्य प्रदेशाचाच आहे.

मध्य प्रदेशात: दोन महिने, मग एक महिना

१९६१ च्या कायद्यात कलम १२(१)(क) महत्त्वाचं. घरमालकाने थकबाकीची लेखी मागणी नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत किरायेदाराने सगळी थकबाकी दिली नाही, तर खोली खाली करून मागण्याचा दावा लावता येतो. नोटीसच दिली नसेल, तर सहा महिने तोंडी मागितलेलं असलं तरी हे कारण उभं राहत नाही.

दावा लागल्यावर कलम १३ किरायेदाराला आणखी एक संधी देतं. समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत, किंवा कोर्ट वाढवून देईल तेवढ्या मुदतीत, मागची थकबाकी भरायची. त्यानंतर प्रत्येक महिन्याचा किराया पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जमा करायचा. हे नीट पाळलं तर निव्वळ थकबाकीच्या कारणावर त्याला घराबाहेर काढता येत नाही. पाळलं नाही तर कोर्ट त्याचा बचाव रद्द करू शकतं. आणि ही सवलत एकदा घेतल्यावर त्याने पुन्हा सलग तीन महिने किराया बुडवला, तर दुसऱ्यांदा ती मिळत नाही.

याचा अर्थ घरमालकाने नीट समजून घ्यावा. थकबाकीचा दावा हा किरायेदाराला लगेच बाहेर काढण्याचं हत्यार नाही. तो पैसा वसूल करण्याचा आणि पुढचा किराया वेळेवर आणण्याचा उपाय आहे. कायद्याने उशीर करणारा आणि बुडवणारा यांत मुद्दाम फरक ठेवला आहे. ज्याला खोलीच परत हवी आहे, त्याने स्वतःची खरी गरज वगैरे दुसरी कारणं वकिलाकडून तपासावीत. विधवा, घटस्फोटित स्त्रिया, अपंग व्यक्ती, निवृत्त सरकारी कर्मचारी आणि निवृत्त सैनिक अशा घरमालकांना खऱ्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा, तुलनेने लहान रस्ता याच कायद्यात आहे.

आणखी एक गोष्ट गावातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या आणि नंतर अधिसूचित केलेल्या भागांतच लागू आहे. जिथे तो लागू नाही, तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. महिनेवारी किराया असेल तर कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरार संपवता येतो. त्यामुळे ग्रामपंचायत हद्दीतल्या खोलीसाठी शहरातली नोटीस जशीच्या तशी उतरवून पाठवू नये. आधी आपली जागा कोणत्या कायद्यात बसते ते विचारावं.

महाराष्ट्रात: नव्वद दिवस आणि नोंदणी

सावनेर, काटोल, वरूड या बाजूला घर असलेल्यांचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्राच्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नोटीस दिल्यावर नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत किरायेदाराने थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि खर्च भरला, आणि पुढचं भाडं देत राहिला, तर घर वाचतं.

महाराष्ट्रात कागदाबाबत मात्र कडक नियम आहे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायेदार जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. मध्य प्रदेशात एक वर्षापर्यंतच्या किरायानाम्याला नोंदणीची सक्ती नाही, म्हणून अकरा महिन्यांचा कागद स्टॅम्पवर होतो. सौसरचा माणूस नागपुरात फ्लॅट घेतो आणि तिथेही तसाच स्टॅम्प करतो. उद्या वाद झाला तर तो कागद उपयोगी पडत नाही.

२०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्याचा दाखला पुष्कळजण देतात. सलग दोन महिन्यांचं भाडं थकलं तर घर खाली करून मागणं, घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, अशा तरतुदी त्यात आहेत. पण तो नमुना आहे. राज्याने तसा कायदा करेपर्यंत त्यावर बोट ठेवून दावा लावता येत नाही.

पहिल्या महिन्यातच काय करावं

कोर्टाची वेळ येऊ नये यासाठी करायच्या गोष्टी लहान आहेत.

किरायाची तारीख पगाराच्या तारखेकडे बघून ठरवावी. पगार सात तारखेच्या आसपास होत असेल, तर एक तारखेला किराया मागण्यात रोज कटकट आहे. दहा तारीख ठेवली तर निम्मा उशीर तिथेच संपतो.

किराया यूपीआयने किंवा बँकेतून घ्यावा. रोख घेतला तर महिना लिहून पावती द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्यावी. नुसत्या 'पैसे मिळाले' या चिठ्ठीवरून कोणता महिना फिटला हे कळत नाही.

पहिला महिना चुकला की भेटून बोलावं आणि हप्ते ठरले तर ते कागदावर लिहावेत: किती रक्कम, कोणत्या तारखेला, चालू महिन्याच्या किरायाशिवाय किती. दोन महिने झाले की वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पोहोच जपून ठेवावी. सौसरच्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं, म्हणून तिथली नोटीस आणि किरायानामा हिंदीत करणं सोयीचं. नोटिशीनंतर पैसे घेतले तर ते कोणत्या महिन्याचे आणि नोटीस कायम ठेवून घेतले, हे लिहावं. नाहीतर नोटीस सोडून दिली असा मुद्दा निघू शकतो.

थकबाकीच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची आहे. ओळखीखातर चार वर्षं थांबणाऱ्याचं पहिलं वर्ष बुडतं.

दोघांची तयारी असेल तर लोकअदालत हा स्वस्त रस्ता आहे. दावा लावण्याआधीही तिथे प्रकरण नेता येतं. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या लोकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. घरमालक बाईंना तो मिळतो तसाच किरायेदार बाईंनाही.

लहान गावात घरमालक आणि किरायेदार पुढेही रोज एकमेकांसमोर येणार असतात. एकाच दुकानातून किराणा, एकाच शाळेत पोरं. म्हणूनच लोक कागद करायला संकोचतात, 'विश्वास नाही का' असं वाटेल म्हणून. प्रत्यक्षात पावती आणि किरायानामा असला की भांडायला जागा कमी राहते. किल्ली देतानाच हा कागद झाला, तर पाचव्या महिन्यात कुलूप लावण्याचा विचार सहसा येतच नाही.