स्मृतिभ्रंशावर शेवाळाचा उतारा

पावसाळा ओसरला की आरे-वारेच्या खडकांवर समुद्रशेवाळ दिसू लागते. या शेवाळाच्या अर्काने म्हातारपणी स्मृती शाबूत राहते, असा प्रचार आता पूरक आहाराच्या बाजारात चालू आहे. तपकिरी शेवाळातील फ्यूकॉइडनसारख्या द्रव्यांमुळे मेंदूतील दाह कमी होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत आढळले, हे खरे. ते संशोधन मोलाचेही आहे. परंतु उंदरावरचा निष्कर्ष माणसाच्या माथी मारून बाटल्या खपविणे, हा निव्वळ व्यापार होय.

चीनचे उदाहरण ताजे आहे. तपकिरी शेवाळापासून केलेल्या औषधाला तेथे नोव्हेंबर 2019 मध्ये सशर्त मान्यता मिळाली. आधार होता 818 रुग्णांवरील 36 आठवड्यांच्या चाचणीचा! अनेक तज्ज्ञांनी शंका घेतल्या. पुढली आंतरराष्ट्रीय चाचणी कंपनीने 2022 मध्ये अर्ध्यावर सोडली. प्रारंभी एका डब्याची किंमत 895 युआन होती. सरकारी विमा योजनेने घासाघीस करताच तोच डबा 296 युआनला मिळू लागला. आधीची किंमत कशाच्या जोरावर ठरली होती, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या तर 2001 मधील 16,96,777 वरून 2011 मध्ये 16,15,069 वर आली. कमावता हात मुंबईला जातो आणि घर राखायला म्हातारी माणसे उरतात. चूल पेटती ठेवून विसरणाऱ्या आजीकडे लक्ष कोणी द्यायचे?

केंद्राने 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी 640 कोटी रुपये दाखविले आणि 2025 पर्यंत 11.2 लाख टनांचे लक्ष्य जाहीर केले. टनांचा हिशेब ठेवणाऱ्या शासनाने औषधी गुणांची पारखही सार्वजनिक पैशाने करावी. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्या जोडीला वैद्यकीय महाविद्यालये द्यावीत, निष्कर्ष प्रतिकूल आले तरी छापावेत आणि पेटंट जनतेच्या मालकीचे ठेवावे.

तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. बहिरेपणा, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह आदी 14 कारणांना आवर घातल्यास जवळजवळ 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असे लॅन्सेटच्या आयोगाने 2024 मध्ये म्हटले आहे. चष्मा, कर्णयंत्र आणि रक्तदाबाची गोळी यांत कोणाला मक्तेदारी नफा दिसत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही होत नाही. साठीपुढील प्रत्येकाची गावातच तपासणी आणि ही साधने विनामूल्य, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत ठरावाने मांडावी व जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकापूर्वी मांडावी.