जुन्या प्रणाली, नव्या गाठोड्यात

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला आणि यंत्रे बदलण्याचा प्रश्न अनेक कार्यालयांपुढे उभा राहिला. यंत्रे बदलतील, पण वेतनपत्रकाची वा ग्रंथालयाची वीस वर्षांपूर्वीची प्रणाली त्यांवर बसवावीच लागेल, आणि तिचा इन्स्टॉलर एका यंत्रापुढे बसलेल्या एका माणसासाठी लिहिलेला असतो. तो प्रश्न विचारतो, उत्तराची वाट पाहतो. दोनशे यंत्रांपुढे दोनशे वेळा ही प्रश्नोत्तरे कोणी करावयाची?

याहून चमत्कारिक अडचण अशी की, १९९० नंतरच्या दशकातील कित्येक प्रणाली स्वतः ३२-बिट असून त्यांचा इन्स्टॉलर मात्र १६-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रणाली चालत नाही आणि विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे. म्हणजे पाहुण्याला घरात राहता येईल, पण त्याला आणणारी गाडीच फाटकातून आत येत नाही!

यावर उपाय म्हणजे पुनर्बांधणी. एका कोऱ्या यंत्रावरील फाइली व रजिस्ट्री यांची नोंद करावयाची, जुनी प्रणाली बसवावयाची, पुन्हा नोंद करावयाची, आणि दोहोंतील फरक तेवढा आपोआप बसणाऱ्या नव्या पॅकेजमध्ये बांधावयाचा. ऐकावयास हे सोपे आहे. परंतु मधल्या अवधीत विंडोजने स्वतःत काही बदल केला, तर तोही त्या फरकात शिरतो आणि प्रत्येक यंत्रावर पोचतो. सामायिक डीएलएल फाइलीच्या जागी तिची जुनी आवृत्ती बसली, तर भलतीच प्रणाली बंद पडते. म्हणूनच, जो इन्स्टॉलर मुळातच निमूटपणे बसू शकतो, किंवा १९९९ पासून रूढ झालेल्या एमएसआय स्वरूपात आहे, त्याला या खटाटोपात ओढू नये.

असे हे कसबाचे काम आपल्या कार्यालयांतून फावल्या वेळचे समजले जाते, ही आमची तक्रार आहे. ते टळावे म्हणून मग प्रत्येक लिपिकाला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊन टाकले जातात. तिजोरी उघडण्याचा त्रास नको म्हणून सर्वांना किल्ल्या वाटण्यासारखेच हे झाले. अर्थात पुनर्बांधणीने जुन्या प्रणालीतील सुरक्षादोष जात नाहीत. ते दोनशे ठिकाणी सारखेच पोचतात, हेही विसरता येणार नाही. परवान्याचा प्रश्नही तिने सुटत नाही.

तेव्हा खरेदीच्या निविदेतच दोन अटी घालाव्यात : प्रणाली कोणी समोर न बसता बसली पाहिजे, आणि काढल्यावर मागे काही न ठेवता निघाली पाहिजे. विक्रेते कुरकुर करतील, करोत. आज हाती असलेल्या जुन्या प्रणालींबाबत मूळ इन्स्टॉलर, परवाना, पॅकेज बांधताना केलेले फेरफार आणि ती प्रणाली कायमची काढावयाची तारीख यांची लेखी नोंद एका जागी ठेवावी. पॅकेज बांधणाऱ्याची उद्या बदली झाली, तर त्याच्या जागी येणाऱ्याला त्या नोंदीशिवाय दुसरा आधार असणार नाही.